लाकडाच्या शेगडीवरील तापमापकाचा काटा वर चढत नव्हता : माझा अनुभव

धुराड्याच्या नळीला चिकटवलेल्या चुंबकी तापमापकाचा काटा, शेगडीत लाकडे धडधडून पेटलेली असतानाही, ९० अंश सेल्सिअसच्या पुढे सरकत नसे. मी वाळकी लाकडे वापरून पाहिली, हवेची झडप पूर्ण उघडली, तापमापकही बदलला, फरक शून्य. दोन आठवडे मी उगाच जास्त लाकूड जाळत राहिलो आणि हेच खरे धोक्याचे होते.

दोष शेवटी नळीत सापडला. ती दुहेरी भिंतीची होती. अशा नळीत दोन पत्र्यांमधली पोकळी उष्णता अडवते, त्यामुळे बाहेरचा पत्रा आतल्या धुराचे तापमान दाखवूच शकत नाही. चुंबकी तापमापक एकेरी नळीसाठीच असतो आणि तिथे साधारण ११५ ते २४५ अंश हा सुरक्षित पट्टा धरतात.

मग शेगडी पूर्ण थंड होऊ दिली. नळीच्या उत्पादकाने छिद्र पाडण्यास परवानगी दिली आहे, हे सूचनापत्रकात तपासले. शेगडीच्या माथ्यापासून ४५ सेंटीमीटरवर खूण करून दोन्ही पत्र्यांतून छिद्र पाडले आणि लांब दांडीचा तापमापक असा बसवला की दांडीचे टोक धुराच्या प्रवाहात राहील. पहिल्याच जाळाला काटा ४५० वर गेला, म्हणून झडप थोडी मिटली.

या तापमापकाचा पट्टा वेगळा, सुमारे २०० ते ४८० अंश. त्याखाली सतत जाळल्यास नळीत क्रिओसोट (धुरातून जमणारा डांबरासारखा ज्वालाग्राही थर) साचते, त्यावर गेल्यास नळी व शेगडी जास्त तापते.