हेरल्ड-स्पिटफायरचं स्टिअरिंग: ट्रनियनला ग्रीस नको, ऑइल मारा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाकडं जुनी स्टँडर्ड हेरल्ड असेल, नाहीतर कुणी हौसेनं ट्रायम्फ स्पिटफायर आणली असेल तर हे वाचा की. स्पिटफायर 1962 ते 1980 इंग्लंडात बनली ती हेरल्डच्याच चासीवरून आणि हेरल्ड आपल्याकडं मद्रासला 1961 पासून दहाएक वर्षं बनत होती, त्यामुळं दोघींचं पुढचं काम जवळपास एकच आहे. रॅक-पिनियन स्टिअरिंग, म्हणजे दातांची आडवी पट्टी (रॅक) आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक (पिनियन), एकदम हलकं, आणि 25 फुटांच्या आसपास गाडी पूर्ण वळते, खडेबाजारात असली गाडी घातल्यावर कळतं काय चीज आहे ते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. पुढच्या चाकाचा उभा लिंक खालच्या पितळी सांध्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, आट्यांवर फिरतो, स्टिअरिंग वळवलं की तो आट्यांतच वर-खाली होतो. तिथं 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं, ग्रीस नाही. गॅरेजवाले सवयीनं निप्पल (ग्रीस गन लावायचं तोंड) दिसला की ग्रीस मारतात, ग्रीस आत घट्ट बसतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, मग पाणी शिरतं, लिंक गंजतो आणि एक दिवस चक्क तुटतो, चाक आडवं पडतं. चोर्ला घाटात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गॅरेजवाला कितीही जुना आणि जाणता असूदे, हे काम करताना तुम्ही स्वतः शेजारी उभं राहा.

करायचं कसं, तर एक जुनी ग्रीस गन रॉकेलनं स्वच्छ धुवा, त्यात 90 ऑइल भरा आणि तिच्यावर लिहून ठेवा म्हणजे परत कुणी ग्रीस भरणार नाही. गाडी जॅकवर उचलून घोडीवर ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. ट्रनियनचा छोटा प्लग काढून निप्पल बसवा आणि वर लिंक जिथं आत जातो तिथून ऑइल बाहेर येईपर्यंत मारा. मधे मधे चाक दोन्हीकडं वळवायचं. आधी काळं गाळ आल्यासारखं येतं, मग स्वच्छ येतं, तेव्हा थांबा. मॅन्युअलात दर 6,000 मैलाला सांगितलंय म्हणजे साधारण 10,000 किलोमीटर, पण आपल्या गाड्या तेवढ्या फिरतात कुठं, आणि खानापूरकडचा पाऊस बघता पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मारलेलं बरं. ट्रनियन कधी उघडलाच तर डावा-उजवा वेगळे ठेवा, आटे एकमेकांच्या उलट असतात.

आता स्टिअरिंगला प्ले असेल, म्हणजे चाक न वळता ते थोडं मोकळंच हलत असेल, तर लगेच रॅक घट्ट करायला जाऊ नका. जीपच्या स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळायची सवय असते तसं इथं चालत नाही. गाडी जमिनीवरच ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून बघा. अख्खा रॅकच सरकतोय? मग रॅक ज्यावर बसतो ते बसणीचे रबर गेलेत, इंजिनचं ऑइल गळून ते फुगून मऊ होतात, नवीन घाला. रॅक स्थिर आहे पण टाय रॉड एंड (रॅकचा दांडा चाकाला जोडणारा टोकाचा सांधा) आधी हलून मग चाक हलतंय तर एंड बदला, आणि स्प्लिट पिन जुनी परत घालू नका, दोन रुपयांची वस्तू आहे हो. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा, ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर ते व्हील बेअरिंग, नाही झालं तर परत ट्रनियन नाहीतर वरचा बॉल जॉइंट.

एवढं सगळं बघून झाल्यावरच रॅकच्या प्लंजरकडं या, म्हणजे रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या तुकड्याकडं. तिथं स्प्रिंग आणि शिम (पातळ चकत्या) असतात, शिम काढली की प्ले कमी होतो. दात मधेच जास्त झिजतात कारण गाडी बहुतेक सरळच चालते, त्यामुळं मधला प्ले पूर्ण घालवला की टोकाला स्टिअरिंग अडकतं. चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठंही जड लागलं तर शिम परत घाला. थोडा प्ले राहिला तर राहूदे, अडकणारं स्टिअरिंग जास्त घातक.

रॅकला मात्र ग्रीसच, आणि तेही गनचे पाच स्ट्रोकच, जास्त मारलं की रॅकच्या दोन्ही टोकांवरचे रबरी बूट (झाकणं) फुगून फाटतात. फाटलेल्या बुटातून आपली तांबडी माती आत गेली की ती दातांवर पॉलिश पेपरसारखी घासत बसते, म्हणून चिरलेला बूट दिसला की त्याच आठवड्यात बदला. बूट नाही मिळाला तर टेप गुंडाळून गाडी चालवू नका, उभी ठेवा.

एंड काढले असतील तर अलाइनमेंट करूनच घ्या. नंतर सकाळी कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा, वळणावरून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ यायला पाहिजे. येत नसेल तर प्लंजर जास्त आवळलाय नाहीतर ट्रनियन कोरडा आहे. शे-दीडशे किलोमीटर झाले की रॅक धरणारे यू-बोल्ट आणि स्टिअरिंग कॉलमचे पिंच बोल्ट (आवळून धरणारे) परत एकदा पाना लावून तपासा, नवीन रबर बसलं की ते थोडे ढिले पडतात.