बालवर्गासाठी स्वतःची शिक्षणभूमिका कशी लिहावी

लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी स्वतःची शिक्षणविषयक भूमिका, म्हणजे आपण मुलांना कसे आणि का शिकवतो याचे छोटे टिपण, लिहून द्यावी लागते. बहुतेक जण ‘प्रत्येक मूल वेगळे असते’, ‘शिक्षण आनंददायी असावे’ अशा वाक्यांनी सुरुवात करतात. ही वाक्ये खोटी नाहीत. पण ती कोणीही लिहू शकते आणि ती वाचून आपल्या वर्गात प्रत्यक्ष काय चालते, याचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून भूमिका तत्त्वांपासून लिहायला घेऊ नये, वर्गातल्या प्रसंगांपासून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी आधी दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवावी आणि रोज एकच प्रसंग टिपावा: मूल काय म्हणाले, त्याने काय केले आणि त्यावर आपण काय केले. ‘हट्टी’, ‘हुशार’, ‘रडका’ अशी विशेषणे कटाक्षाने टाळावीत. ‘आज फार रडला’ यापेक्षा ‘आई दिसेनाशी झाल्यावर दहा मिनिटे दाराकडे तोंड करून उभा राहिला, मग स्वतःहून ठोकळ्यांपाशी आला’ ही नोंद कितीतरी अधिक सांगते.

माझ्या वहीतली एक नोंद बटणांची आहे. पाच वर्षांच्या एका मुलीसमोर मी सहा-सहा बटणांच्या दोन ओळी मांडल्या होत्या आणि त्या सारख्या आहेत हे तिला मान्य होते. मग खालच्या ओळीतली बटणे मी तिच्यादेखत जरा लांब-लांब सरकवली. ती म्हणाली, “आता खालची जास्त.” मोजायला सांगितल्यावर तिने बोट टेकवत दोन्ही ओळी मोजल्या, दोन्ही वेळा सहाच आली, तरी खालच्या ओळीवर हात पसरून ती म्हणाली, “पण बाई, ही बघा केवढी मोठी आहे!” पूर्वी मी अशा वेळी लगेच समजावू लागे आणि मूल माझ्या चेहऱ्याकडे पाहून ‘सारखी’ म्हणून टाकी. या वयाची मुले संख्येपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या लांबीवर विश्वास ठेवतात, हे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी अशाच प्रयोगांतून दाखवले होते. म्हणजे ही बेफिकिरी नव्हे, तो तिचा विचारच होता. माझ्या भूमिकेतले पहिले वाक्य या नोंदीतून आले: ‘उत्तर दुरुस्त करण्याआधी मूल तिथपर्यंत कसे पोहोचले, हे मी त्यालाच विचारते.’

वही भरल्यानंतरच शिक्षणतज्ज्ञांकडे वळावे. फ्रीडरिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये लहान मुलांसाठी सुरू केलेल्या संस्थेत खेळाला मध्यवर्ती स्थान होते. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये आपले पहिले बालगृह (लहान मुलांची शाळा) उघडले, तेव्हा त्यांचा भर मुलांनी खऱ्या वस्तू हाताळून खरी कामे करण्यावर राहिला, कल्पनेच्या खेळावर नव्हे. दोघांची नावे एका वाक्यात गुंफणे सोपे असते. पण भातुकली खेळणाऱ्या मुलाला खेळू द्यायचे की खरोखरचे पाणी ओतायला द्यायचे, याविषयी आपले मत काय, हे लिहिल्याशिवाय त्या नावांना अर्थ येत नाही. मी दोन्ही देते, कारण ओतताना पाणी सांडले की मुलाला आपली चूक स्वतःच दिसते आणि भातुकलीत ते एरवी न बोललेले बरेच काही बोलून जाते.

कच्चा मसुदा झाला की प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहावा: ‘हे वर्गात कुठे दिसेल?’ ही पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाची आहे. ‘मी मुलांना स्वावलंबी बनवते’ असे मी कितीतरी वर्षे लिहीत आले आणि घरी जायच्या घाईत वीस मुलांच्या बुटांचे पट्टे रोज मीच लावत राहिले. हे ध्यानात आल्यावर मला वाक्य खोडता आले असते. त्याऐवजी मी आवराआवर दहा मिनिटे आधी सुरू केली, आणि मगच ते वाक्य ठेवले. ‘मी मुलांचे ऐकून घेते’ हेही असेच तपासता येते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात, असे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या अभ्यासात आढळले होते. आपण किती थांबतो, हे मनातल्या मनात आकडे मोजून पाहावे.

आपण काय करणार नाही, हेही स्पष्ट लिहावे, कारण पालकांशी मतभेद बहुधा तिथेच होतात. चार वर्षांच्या मुलाकडून पानभर अक्षरे गिरवून घेण्याऐवजी मी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे यांना वेळ देते. बोटांत बळ आले की पेन्सिल हातात नीट बसते, हे कारणही तिथेच नोंदवते.

भाषा प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळी असावी, ‘असले पाहिजे’ऐवजी ‘मी करते’ असे लिहावे, आणि मजकूर एका पानापलीकडे जाऊ देऊ नये. खाली तारीख घालावी. वर्षभराने नवी प्रत लिहिताना जुनी फाडू नये. दोन्ही शेजारी ठेवून कोणते वाक्य बदलले आणि कोणत्या मुलामुळे बदलले, ते समासात टिपून ठेवावे.