१०० व्होल्टचा चार्जर, २३० व्होल्टचं घर

जपानमधून आणलेला हातात धरून खेळायचा गेम कन्सोल चार्जिंगला लावण्याआधी मी चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली, हे फार बरं झालं. 'इनपुट १०० व्होल्ट' एवढंच होतं. तिथली घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३०. '१००-२४०' छापलेलं असतं तर पिन बदलणारा साधा प्लग पुरला असता. तो प्लग व्होल्टेज कमी करत नाही, आणि नेमकी इथेच अनेकांची गफलत होते.

आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या उपकरणाचा विचार केला. चालतो, पण जड असतो. मग लक्षात आलं, कन्सोलचा भिंतीतल्या विजेशी थेट संबंधच नाही. त्याला चार्जरमधून येणारा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा पुरवठा हवा. माझ्या चार्जरवर आउटपुट ४.६ व्होल्ट, ९०० मिलीअँपिअर होतं. त्याच कन्सोलसाठी बनलेला, २३० व्होल्टवर चालणारा आणि तेच आउटपुट देणारा चार्जर मिळवला. व्होल्टेज जुळलंच पाहिजे. मिलीअँपिअर, म्हणजे चार्जर किती प्रवाह देऊ शकतो ते, जास्त असले तर हरकत नाही, कमी मात्र नकोत. पिनचा आकार आणि अधिक-उणे खूणही ताडून पाहिली.

पहिल्यांदा लावला तेव्हा अर्धा तास शेजारीच बसून होतो, मधूनमधून हात लावून बघत. किंचित कोमट, बस. बॅटरी नीट भरली.

जुन्या चार्जरवर 'फक्त १०० व्होल्ट' अशी चिठ्ठी चिकटवून तो वेगळा ठेवलाय, घरात कुणी चुकून लावू नये म्हणून.