पाग फेकणारा माणूस कागदावर कसा हलवावा

हाताने काढलेले ॲनिमेशन आजही चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये लोकांना का ओढून घेते, हे समजून घ्यायचे असेल तर दोन सेकंदांचा एक प्रसंग स्वतः काढून पाहावा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्यासाठी विषय शोधत फिरावे लागत नाही. खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल मासेमारीचे जाळे, फेकणारा माणूस मला या अभ्यासासाठी सर्वांत योग्य वाटतो, कारण त्याच्या एकाच फेकीत थबकणे, वळणे, झोकून देणे, पसरणे आणि बुडणे हे सगळे ओळीने येते.

सुरुवातीचे दोन दिवस केवळ पाहावे आणि तिसऱ्या दिवशी, त्या माणसाला विचारून, बाजूने मोबाइलवर चित्रण करावे. हे चित्रण फ्रेममागून फ्रेम गिरवू नये. गिरवलेली हालचाल अचूक असूनही पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते, कारण काय ठसठशीत करायचे आणि काय गाळायचे हा निर्णय तिथे कोणी घेतलेलाच नसतो. त्याऐवजी पाच मुख्य मुद्रा निवडाव्यात: पाण्याकडे नजर लावून उभा, कमरेतून मागे वळलेला, हात सुटण्याच्या क्षणी ताणलेला, पाग हवेत पूर्ण उघडलेला, आणि पाग पाण्यात गेल्यावर मनगटाची दोरी सैल धरून वाकलेला. प्रत्येक मुद्रा नुसती काळ्या शाईने भरून पाहावी. ती तरीही ओळखू आली, तरच पुढे जावे. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी सांगणारे पोथीतले एकेक चित्र समोर धरतात आणि दोन चित्रांमधली हालचाल ऐकणारा मनातल्या मनात पुरी करतो. मुख्य मुद्रांकडून आपल्याला नेमकी हीच ताकद हवी असते.

आता हिशेब. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, परंतु हाताने काढताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरले जाते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. आपल्या ४८ फ्रेमची वाटणी मी अशी करतो: उभे राहण्यासाठी ४ चित्रे, मागे वळण्यासाठी ६, प्रत्यक्ष फेकीसाठी ४, पाग उघडण्यासाठी ७ आणि बुडण्यासाठी ५, एकूण २६ चित्रे. यांपैकी फेकीची चारच चित्रे एकेक फ्रेम धरायची. फेक त्यामुळे सेकंदाच्या सहाव्या हिश्शात उरकते, आणि आधीच्या अर्ध्या सेकंदाच्या संथ वळणामुळेच ती झपकन सुटल्यासारखी वाटते. या चार चित्रांपैकी एकात हात प्रमाणापेक्षा दीडपट लांब काढण्यास बिचकू नये. तो डोळ्याला लांब दिसत नाही, वेगवान दिसतो.

उभ्या माणसाची चार चित्रे मात्र एकच मुद्रा चार वेळा नव्याने काढून करावीत. रेषा दर वेळी केसभर सरकते आणि स्थिर माणूस श्वास घेत असल्यासारखा भासतो. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी १९१४ साली एका डायनासोरचा लघुपट केला तेव्हा स्थिर देखावा एकदाच काढून त्यावर पारदर्शक सेल्युलॉइडवरची पात्रे ठेवण्याची पद्धत रुळलेली नव्हती, म्हणून डोंगर आणि झाडेसुद्धा प्रत्येक कागदावर पुन्हा काढावी लागली आणि त्या रेषा आजही पडद्यावर थरथरताना दिसतात. त्या काळी जी अडचण होती, तीच आपण येथे जाणूनबुजून वापरायची. मधली चित्रे संगणकाकडून आपोआप भरून घेण्याची सोय आता आहे, परंतु ती वापरली की नेमका हा थरथराट पुसला जातो. माझ्या मते मग कागदावर काढण्याचे काही कारणच उरत नाही.

पागाची सर्व भोके काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्याऐवजी कडेचे वर्तुळ, मध्यापासून निघणाऱ्या सहा-सात रेषा आणि कडेच्या शिशाच्या गोळ्या एवढेच काढावे. गोळ्या जड असल्याने कड पुढे धावते आणि मधला भाग मागे रेंगाळतो. पाण्याला आधी कड लागते, मग मधला फुगवटा खाली बसतो. हा मागे राहणारा भाग साधला नाही, तर पाग ताटासारखा कडक दिसतो.

साहित्य साधे आहे. काचेखाली एलईडी दिवा ठेवला की प्रकाशमेज तयार होते. सर्व कागदांना एकाच यंत्राने दोन भोके पाडून ती पट्टीवरच्या खुंट्यांत बसवावीत. पावसाळ्यात मात्र आपल्याकडची हवा कागदाला दमट करते, कागद फुगतो आणि सकाळी जुळलेली भोके संध्याकाळी जुळत नाहीत, त्यामुळे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. चित्रे टिपताना मोबाइल स्टँडला पक्का बांधावा, फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) लॉक करावे, आणि ढगांमुळे उजेड बदलू नये म्हणून खिडकी झाकावी. संगणकावरच काढायचे असल्यास क्रिता किंवा ओपनटून्झ ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

हीच फेक गेममध्ये वापरायची असेल, तर हिशेब बदलतो. खेळणाऱ्याने बटण दाबल्यावर नायक अर्धा सेकंद मागे वळत राहिला, तर तो आपले ऐकत नाही असे वाटते. म्हणून वळण्याची ६ चित्रे २ वर आणावीत आणि वाचलेला वेळ फेकीनंतरच्या झोकाला द्यावा. शत्रूच्या बाबतीत उलट करावे, कारण त्याचे लांब वळण हीच खेळणाऱ्यासाठी सूचना असते. २०१७ साली आलेल्या ‘कपहेड’ या गेममध्ये पात्रांची चित्रे कागदावर काढलेली आहेत आणि ती सेकंदाला २४ च्या चालीने हलतात, मात्र खेळ स्वतः सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. त्यामुळे पात्रांची चाल जुन्या कार्टूनसारखी राहते आणि बटणाला मिळणारा प्रतिसादही मंद होत नाही.

पहिल्यांदा सगळे जोडून पाहाल तेव्हा फेक बहुधा मऊ वाटेल. अशा वेळी नवे चित्र काढण्याआधी वळण्याचे शेवटचे चित्र आणखी दोन फ्रेम धरून पाहावे.