एकाच पत्त्यावर दोन धंदे : गूगल मॅप्सवर दोन्ही वेगळे कसे ठेवावेत

खाली मेडिकल, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, त्याला लागून टॅक्स कन्सल्टंट आणि पत्ता तिघांचाही एकच. पुण्या-ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या कॉम्प्लेक्समध्ये हेच दिसेल. गूगलला याचं वावडं नाही. धंदे खरोखर वेगळे असले की एका पत्त्यावर प्रत्येकाचं स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची धंद्याची नोंद (हिलाच लिस्टिंगही म्हणतात), चालतं. मात्र एकच दुकान 'झेरॉक्स', 'पासपोर्ट फोटो' आणि 'लॅमिनेशन' अशा तीन नावांनी टाकलेलं चालत नाही. त्या एकाच धंद्याच्या सेवा आहेत. एकाच प्रोफाइलमध्ये लिहा.

प्रोफाइल मालकाच्या स्वतःच्या ईमेलवरून उघडा. काम करून देणाऱ्या एजन्सीला मॅनेजर ठेवा, प्रायमरी ओनर कधीच करू नका. दोन्ही धंदे तुमचेच असतील तर दोन्ही प्रोफाइल एका खात्यात राहिली तरी हरकत नाही.

नाव पाटीवर असेल तेच. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे. तेव्हा पाटी, शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि नकाशा या तिन्ही ठिकाणी नाव एकच आहे ना, हे आधी पाहून घ्या. नावापुढे 'बेस्ट', 'स्वस्त', 'कोथरूड' अशी शेपटं लावायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. अशा नावावर कुणीही तक्रार करू शकतो आणि बहुधा शेजारचा स्पर्धकच करतो.

गाळा क्रमांक आणि मजला पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत लिहा. पिनला मजला कळत नाही आणि प्लस कोडलाही (पत्त्याऐवजी जागा दाखवणारा गूगलचा छोटा कोड) नाही. नेहमीच्या दहा अक्षरी प्लस कोडचा चौकोन साधारण १४ मीटर बाय १४ मीटरचा असतो. खालचं मेडिकल आणि वरचा दवाखाना दोन्ही त्यातच येतात. म्हणून पिन हाताने सरकवून गिऱ्हाईक ज्या दारातून किंवा जिन्यातून आत शिरतं तिथे ठेवा.

आता ज्या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळलं त्याकडे येतो : दोन लिस्टिंग एकमेकांत मिसळणं. पत्ता एक, त्यात फोनही एकच आणि नावं मिळतीजुळती असली की दोन्ही प्रोफाइल एकाच जागेची समजली जाण्याचा धोका असतो. शिवाय 'सजेस्ट अ‍ॅन एडिट'मध्ये जाऊन कुणीही 'ही जागा डुप्लिकेट आहे' असं कळवू शकतं. एकदा दोन्ही एक झाली की रिव्ह्यूही एकत्र होतात. मग दाताच्या रूट कॅनॉलचं कौतुक मेडिकलच्या खात्यावर दिसतं आणि ते सोडवून घ्यायला सपोर्टकडे खेटे घालावे लागतात.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे 'पत्ता जरासा बदलून टाका'. गाळा ४ असेल तर ४-अ लिहा, किंवा इमारतीचं नाव उलटसुलट करा. हे अजिबात करू नका. गूगलच्या पडताळणीच्या (व्हेरिफिकेशनच्या) वेळी लाइट बिल आणि शॉप अ‍ॅक्ट मागितला जातो. त्यावर ४-अ कुठून आणणार? व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता विकत घेणं तर त्याहून वाईट. कामाच्या वेळेत तिथे तुमची माणसं बसत नसतील तर तो पत्ता नियमातच बसत नाही.

पत्ता आहे तसा ठेवा, बाकीचं सगळं वेगळं करा. प्रत्येक धंद्याला स्वतःचा फोन नंबर हवा. दुसरं सिमकार्ड घ्या, यात काटकसर नको. वेबसाइट एकच असेल तर निदान प्रत्येकासाठी वेगळं पान करा. कॅटेगरी वेगळी, पाटी वेगळी, आणि शक्य असेल तर दारही वेगळं. एकाच टेबलावरून, एकाच फोनवर, एकाच पाटीखाली दोन कामं चालत असतील, तर दुसऱ्या लिस्टिंगचा हट्ट सोडा.

पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांना स्वतःचं प्रोफाइल काढता येतं. त्यात फक्त डॉक्टरांचं नाव घाला, क्लिनिकचं जोडू नका. वेळ त्यांच्या स्वतःच्या ओपीडीचीच लिहा. क्लिनिक सकाळी नऊपासून उघडं असलं तरी डॉक्टर संध्याकाळी सहाला येत असतील, तर सहाच.

लिस्टिंग गायब झाली म्हणून घाबरण्याआधी नकाशा झूम करा. २०१६ च्या 'पॉसम' नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदलापासून एकाच इमारतीतल्या, एकाच कॅटेगरीच्या धंद्यांपैकी काही शोधात गाळले जातात. झूम केल्यावर दिसली तर लिस्टिंग शाबूत आहे. अशा वेळी नवीन लिस्टिंग काढणं म्हणजे स्वतःच्या हाताने डुप्लिकेट तयार करणं!

व्हेरिफिकेशनचा व्हिडिओ एका दमात घ्यायचा असतो, कापाकापी चालत नाही. सुरुवात रस्त्यावरून करा : चौकाची पाटी, शेजारची दुकानं, इमारतीचं नाव. मग तळमजल्यावरच्या नामफलकात तुमची ओळ दाखवा, जिना चढा, दारावरची पाटी दाखवा. आणि मग कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडा. इथेच बहुतेक जण चुकतात. दार आधीच उघडं ठेवलं तर जागा तुमच्या ताब्यात आहे हे दिसतच नाही. आत गेल्यावर गल्ला किंवा बिलिंगचा कॉम्प्युटर चालवून दाखवा आणि भिंतीवरचा शॉप अ‍ॅक्टचा कागद नाव वाचता येईल इतका जवळून घ्या. पेशंटचे चेहरे आणि बँकेचे कागद टाळा. शेजारच्या धंद्याची पाटी चौकटीत आली तर येऊ द्या. दोघे वेगळे आहेत याचा तोच पुरावा.

प्रोफाइल सस्पेंड झालं तर दुसरं काढू नका, अपील करा. पण अपीलचं बटण दाबण्याआधी शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी प्रमाणपत्र आणि लाइट बिल स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. अपील पाठवल्यावर पुरावे जोडायला फक्त ६० मिनिटं मिळतात, आणि लाइट बिल घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरार शोधण्यातच तेवढा वेळ जातो.