आरामशीन आणि सुतारकामातली लाकडाची धूळ नाकात जाण्यापासून कशी रोखावी

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आरामशीनवर, गावोगावच्या फर्निचरच्या दुकानांत सागवान, बीजा, शिसम कापला जातो आणि उडणारी धूळ कोणी मनावर घेत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. हा कर्करोग नाकात आणि सायनसमध्ये होतो. तो अनेक वर्षांनी उमटतो, त्यामुळे कामाशी त्याचा संबंध जोडलाच जात नाही.

जाड भुसा लगेच खाली बसतो. खरा धोका सँडर (घासाईचे मशीन) आणि पॉलिश पेपरमधून निघणाऱ्या पिठासारख्या भुकटीचा. ती बराच वेळ हवेत तरंगते.

आधी धूळ जिथे निघते तिथेच ओढून घ्या. डस्ट कलेक्टरचा (धूळ ओढणाऱ्या मशीनचा) पाइप ४ इंची असेल, तर त्याचे तोंड पात्यापासून ४ इंचांच्या आत हवे. तोंडाच्या रुंदीएवढे अंतर पडले की ओढ जवळपास दहाव्या हिश्शावर येते. फूटभर लांब लावलेला पाइप नुसता आवाज करतो. पाइपात हवा सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावली पाहिजे, नाहीतर भुसा आतच साचतो. ४ इंची पाइपासाठी हे तासाला साधारण ५६५ घनमीटर होते. दुकानदाराला हा आकडा विचारा, नुसता मोटरचा एचपी (हॉर्सपॉवर) नको. लवचिक पाइप आखूड ठेवा, काटकोनी वळणे टाळा. कलेक्टरची धूळ साठवणारी कापडी पिशवी शेडबाहेर ठेवा, कारण तिच्यातून बारीक भुकटी निसटते.

काम नीट झाले का, हे संध्याकाळी तपासा. शेड अंधारी करून मशीन चालवा आणि समोरच्या बाजूने टॉर्च मारा. उजेडाच्या झोतात तरंगणारे कण दिसले, तर ओढ कमी पडते आहे.

उन्हाळ्यात कूलर मिस्त्रीच्या पाठीमागे ठेवतात, ते चुकीचे. वारा अंगाला वळसा घालून छातीपुढे भोवरा करतो आणि धूळ तोंडावर येते. कूलर बाजूला ठेवा. घासाईचे काम सकाळी लवकर उरका, म्हणजे मास्क सहन होतो.

मास्क शेवटचा उपाय आहे, पण घासाईला हवाच. रुमाल, दुपट्टा किंवा सर्जिकल मास्क बारीक कण अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्या; दाढी असेल तर कडेने हवा शिरते. घामाने भिजला की बदला. एमडीएफ (भुसा डिंकाने दाबून केलेले बोर्ड) आणि प्लायमधून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायूही सुटतो. तो वायू या मास्कने थांबत नाही, म्हणून ते काम उघड्यावर करा.

कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका, बसलेली सगळी भुकटी परत उडते. भुशावर पाणी शिंपडून हळू झाडा. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नका, वेगळे धुवा.

एकाच नाकपुडीतून रक्त येणे, ती सतत चोंदणे किंवा वास कळेनासा होणे २-३ आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि किती वर्षे लाकडात काम केले, ते न विचारता सांगा.