भिंतीची भुकटी हाताला लागतेय? रंगाचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

भिंतीला पाठ टेकली की शर्टावर पांढरा पट्टा उठतो, बोट फिरवलं तर खडू हाताळल्यासारखी भुकटी लागते. यावर बहुतेक घरांत एकच उपाय ठरलेला असतो: वरवर घासकागद मारायचा, फडकं फिरवायचं आणि वरून नवा रंग. काही महिने भिंत झकास दिसते. मग एखाद्या कोपऱ्यात पापुद्रा सुटतो. तो उलटा करून पाहा, मागच्या बाजूला तीच जुनी भुकटी चिकटलेली दिसेल. नवा रंग पक्का बसला होता, पण भुकटीवर. भिंतीपर्यंत तो पोचलाच नव्हता. दोष मात्र रंगाच्या डब्याला किंवा रंगाऱ्याला दिला जातो.

सगळी भुकटी एकच समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण पुढचे सगळे उपाय इथून चुकत जातात. भिंतीवर पांढरं काही दिसलं की कुणी त्याला ओल म्हणतं, कुणी हलक्या प्रतीचा रंग म्हणतं. प्रत्यक्षात तीन-चार वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात.

बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः ज्या बाजूला दिवसभर ऊन असतं तिथे, भुकटी बहुधा रंगाचीच असते. रंगात दोन मुख्य गोष्टी असतात: रंग देणारी आणि भर घालणारी पूड, आणि तिला धरून ठेवणारा चिकट भाग, म्हणजे बाइंडर. उन्हातले अतिनील किरण आणि पाऊस मिळून हा बाइंडर वरच्या थरातून हळूहळू खाऊन टाकतात. धरणारं कुणी उरलं नाही की पूड मोकळी होते. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड दोन प्रकारांत मिळतं, रुटाइल आणि अनाटेज. अनाटेज उन्हात बाइंडरची झीज आणखी वाढवतं, आणि स्वस्त रंगात तेच असू शकतं. आतल्या खोल्यांसाठीचा स्वस्त रंग बाहेर मारला की तो लवकर भुकटी का सोडतो, याचं एक कारण हे.

खोलीच्या आत ऊन फारसं पोचत नाही, त्यामुळे तिथे संशयित वेगळे. जुना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर त्यांचा स्वभावच हाताला लागण्याचा. भर जास्त आणि बाइंडर कमी असलेला हलका रंग असेल, किंवा पाणी घालून घालून पातळ केलेला चांगला रंग असेल, तरी तेच होतं. आणि चौथा प्रकार म्हणजे खार, ज्याला आपण लोणा लागणं म्हणतो. भिंतीत शिरलेलं पाणी गिलाव्यातले, विटांतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

ओळखायचं कसं? गडद रंगाचं कोरडं सुती फडकं घ्या आणि हलक्या हाताने वीतभर पुसा. फडक्यावर भिंतीच्याच रंगाची छटा आली, म्हणजे हिरव्या भिंतीवरून हिरवट पूड, तर रंग सुटतोय. भिंत हिरवी आणि पूड शुभ्र असेल तर खाराकडे संशय वळवा. जागाही बोलते: रंगाची भुकटी साधारण सगळीकडे सारखी असते, खार मात्र ठिपक्याठिपक्यांनी येतो, जमिनीलगत, खिडकीच्या खाली, न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीवर. जवळून पाहिलं तर खाराचे बारीक केसांसारखे तंतू उभे राहिलेले दिसतात आणि कडेचा रंग फुगून वर आलेला असतो.

व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आला तर खार, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. त्यावर विसंबू नका. रंगातली भर आणि भिंतीवरचा चुना यांतही कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि तेही फेसाळतं, तर सल्फेटचा खार अजिबात फेसाळत नाही. त्यापेक्षा चिमूटभर भुकटी काचेच्या वाटीत घेऊन थोडं पाणी घाला आणि ढवळा. विरघळून पाणी नितळ राहिलं तर क्षार. पाणी दुधाळ झालं आणि तळाशी गाळ बसला तर रंग, चुना किंवा पुट्टी. खूप जुना खार हवेत मुरून न विरघळणारा झालेला असू शकतो, म्हणून या निकालासोबत जागेची खूणही पाहा.

खारावर पाणी मारणं

रंगाच्या भुकटीला पाण्याने धुणं बरोबर, खाराला पाण्याने धुणं चूक. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात आणि भिंत सुकताना परत बाहेर येतात. खार कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली पडलेला गोळा करून टाकायचा आणि मग पाणी कुठून येतंय ते शोधायचं: गळका पाइप, छपराची फट, भिंतीला लागून बाहेर चढवलेली माती. जमिनीतून चढणारी ओल बहुतेकदा साधारण मीटरभर उंचीपर्यंत येते आणि तिची वरची रेघ स्पष्ट दिसते.

भिंत सुकली का, हे हात लावून कळत नाही. साधारण 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि किमान 16 तास तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या आत थेंब जमले किंवा खालची भिंत गडद झाली, तर रंगाची वेळ अजून आलेली नाही.

ओल तशीच ठेवून आतून वॉटरप्रूफ रंगाचा जाड थर देणं हा तर निव्वळ पैसा घालवणं आहे. पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, क्षार त्या थराच्या मागे स्फटिक बनून साचतात आणि थर गिलाव्यासकट ढकलून काढतात. किंवा ओल आणखी वर चढते आणि मग दुसऱ्याच जागी खार फुटतो.

नुसतं पुसून काम भागवणं

कोरडं फडकं भुकटी जितकी उचलतं तितकीच खोबणींत दाबून बसवतं. घासकागदाने नवी धूळ तयार होते ती वेगळीच. रंगाची भुकटी असेल तर आधी मऊ ब्रशने झाडा. मग पाण्यात थोडं सौम्य डिटर्जंट घालून ब्रशने खालून वर धुवत जा. वरून सुरुवात केली की मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते डाग मग निघत नाहीत. शेवटी स्वच्छ पाण्याने मात्र वरून खाली धुवायचं, साबणाचा अंश राहता कामा नये. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीला हे लागू नाही. तिथे थर ओला करून स्क्रॅपरने खरवडूनच काढावा लागतो, कारण चुन्यावर इमल्शनचा थर धरत नाही, जड चादरीसारखा सुटून येतो.

प्रेशर वॉशर वापरण्याचा मोह होतो. जपून. नळी भिंतीच्या फार जवळ धरली की पाणी भेगांतून गिलाव्यात घुसतं, आणि मग भिंत सुकायची वाट पाहण्यात दिवसच्या दिवस जातात.

धुतलेली भिंत पूर्ण सुकल्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा, झटकन ओढा आणि काळ्या कागदावर चिकटवा. धुण्याआधीही अशीच एक पट्टी काढून ठेवली असेल तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसतो. भुकटी मोजण्याच्या आयएसओ 4628-6 या मानकातही टेपचीच पद्धत आहे. पट्टी अजून दुधाळ असेल तर पुन्हा धुवा.

घर कित्येक दशकं जुनं असेल, त्यातही जुना ऑइलपेंट असेल, तर कोरडं घासणं टाळाच. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पृष्ठभाग ओला ठेवून काम करा, एन-95 मास्क लावा, आणि शंका असेल तर आधी रंगाची तपासणी करून घ्या.

प्रायमरकडून नको ती अपेक्षा

"प्रायमर मारला की भुकटी बसते" हे अर्धंच खरं आहे. नेहमीचा पांढरा वॉटर प्रायमर भरीव असतो, तो भुकटीच्या आत न शिरता वर बसतो. धुऊनही किंचित भुकटी उरली असेल तिथे पातळ, आत मुरणारा बाइंडिंग प्रायमर लागतो, जो मोकळे कण एकमेकांना आणि भिंतीला बांधतो. तो भिंतीत जिरायला हवा. सुकल्यावर भिंत काचेसारखी चमकायला लागली तर तो जास्त झालाय, आणि त्या चमकीवर पुढचा रंग नीट पकडत नाही.

लाकडाचा पांढरा डिंक पाण्यात पातळ करून प्रायमर म्हणून लावण्याचा जुगाड टाळा. ओल लागली की तो डिंक पुन्हा मऊ होतो.

पूर्ण भिंत रंगवण्याआधी हातभर जागेत प्रायमर आणि रंग लावून काही दिवस सुकू द्या. मग ब्लेडने फुलीसारखी खूण करा, त्यावर टेप दाबा आणि ओढा. टेपला काही आलं नाही तर पुढे जा. रंग आला आणि त्याच्या मागे भुकटी असेल तर सफाई कमी पडलीय.

नव्या रंगातच पुढच्या भुकटीची सोय

डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालणं ही सर्रास चालणारी गोष्ट. रोलर हलका फिरतो, डबा पुरतो, तीन हात देऊनही रंग उरतो. पण बाइंडर इतका विरळ होतो की कणांना धरणारा सलग पापुद्रा तयारच होत नाही. काम करताना मोजून पाणी घालायला सांगा, अंदाजाने नको. हे सांगताना थोडा वाईटपणा आला तरी चालेल.

थंडीचंही तसंच. पाण्यावर आधारलेल्या बऱ्याचशा रंगांच्या डब्यावर किमान 5 ते 10 अंश सेल्सिअस तापमान लिहिलेलं असतं. त्याखाली बाइंडरचे कण एकमेकांत मिसळत नाहीत आणि सुकलेला रंग पहिल्या दिवसापासून भुसभुशीत राहतो. उलट, भर उन्हात तापलेल्या भिंतीवर पाणी इतक्या झपाट्याने उडतं की परिणाम तोच.

पुट्टी घासल्यावरची धूळ न झाडता रंग मारणं, किंवा पुट्टीवर प्रायमरच न देणं, याने कोरडी पुट्टी रंगातला बाइंडर शोषून घेते. नव्या सिमेंट गिलाव्याला साधारण 28 दिवस द्या. ताज्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं) असतं, आणि ते ऑइलपेंटच्या बाइंडरचा अक्षरशः साबण करून टाकतं.

भिंतच सुटत असेल तर

स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गिलाव्यावर रेघ ओढा. बारीक ओरखडा उठला तर ठीक. वाळू झरायला लागली तर तिथे कुठलाही प्रायमर, कितीही हात रंग, उपयोगाचा नाही. तेवढा गिलावा घट्ट भाग लागेपर्यंत खरवडून काढा, ओल असेल तर आधी ती थांबवा, मग नवा भरा आणि त्यालाही तेच 28 दिवस द्या. रंगवताना प्रायमर फक्त त्या तुकड्यावर न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीवर द्या. नाहीतर जुना आणि नवा भाग रंग वेगवेगळा शोषतो आणि ठिगळ लांबूनही दिसतं.